छोट्या चर्चमधला निवांत रविवार : इंदूरमधील मराठी वाचकांसाठी सविस्तर मार्गदर्शन

हा लेख लिहिताना माझ्या नजरेसमोर दोन प्रकारचे वाचक आहेत. नगर, पुणे, सोलापूर किंवा वसईहून नोकरीनिमित्त इंदूरला आलेले मराठी ख्रिस्ती कुटुंब हा पहिला वाचक. आयुष्यभर मराठी उपासनेत बसलेल्या या माणसांना येथे हिंदी उपासनेत पहिले काही रविवार परके वाटते. दुसरा वाचक म्हणजे त्यांचे मराठी शेजारी किंवा कार्यालयातले सहकारी. त्यांना कोणीतरी आपुलकीने चर्चला बोलावलेले असते, पण उठायचे केव्हा, बसायचे केव्हा, तेथे दिलेले खायचे की नाही, अशा शंकांमुळे त्यांचे जाणे दर वेळी पुढे ढकलले जाते. दोघांनाही मला एकच गोष्ट सांगायची आहे : छोट्या चर्चला जायचे असेल तर तासभर नव्हे, अख्खी सकाळ राखून ठेवावी. मोठ्या चर्चमध्ये माणूस मागून येतो आणि मागूनच निघून जातो. साठ-सत्तर माणसांच्या मंडळीत तसे होत नाही. तेथे नवा चेहरा पहिल्या पाच मिनिटांत सर्वांच्या लक्षात येतो, आणि म्हणूनच घाईने आलेल्या व घाईने गेलेल्या माणसाला तेथील निम्मा रविवार भेटतच नाही.

चर्च कोणते, हे आधी ठरवावे

इंदूरमधील चर्च एकाच परंपरेची नाहीत, आणि परंपरेनुसार उपासनेचे रूप बदलते, म्हणून थोडा इतिहास माहीत असणे उपयोगाचे ठरते. १८१८ च्या मंदसौरच्या तहानंतर होळकरांच्या या राजधानीत इंग्रजांची रेसिडेन्सी आली आणि तिच्या आसपास इंग्रज अधिकारी व सैनिक यांच्यासाठी उपासना सुरू झाल्या. आज व्हाइट चर्च या नावाने ओळखला जाणारा परिसर याच रेसिडेन्सी भागातला आहे. १८७७ मध्ये कॅनडाच्या प्रेस्बिटेरियन (प्रोटेस्टंटांचा एक पंथ) मिशनने इंदूरमध्ये काम सुरू केले, आणि १८८७ मध्ये स्थापन झालेले इंदूर ख्रिश्चन कॉलेज त्याच मिशनच्या कामातून उभे राहिले. पुढे २९ नोव्हेंबर १९७० रोजी नागपुरात निरनिराळ्या प्रोटेस्टंट परंपरांची मंडळे एकत्र येऊन चर्च ऑफ नॉर्थ इंडिया ही संस्था झाली. त्यामुळे एकाच नावाची पाटी असलेल्या दोन चर्चमध्येही जुन्या घराण्याच्या खुणा वेगवेगळ्या दिसतात. पूर्वीच्या अँग्लिकन, म्हणजे इंग्लंडच्या चर्चच्या, वळणाच्या चर्चमध्ये छापील क्रमानुसार वाचन, गुडघे टेकणे आणि मंडळीने मोठ्याने द्यायची उत्तरे अधिक असतात, तर पूर्वीच्या प्रेस्बिटेरियन वळणाच्या चर्चमध्ये प्रवचन हा सकाळचा कणा असतो आणि त्याला वेळही बराच दिला जातो. कॅथलिक चर्चची गोष्ट वेगळी आहे. इंदूरचा कॅथलिक धर्मप्रांत १९५२ मध्ये स्थापन झाला, आणि तेथे प्रत्येक रविवारी मिस्सा, म्हणजे कॅथलिकांची उपासना, असते, तिच्या केंद्रस्थानी प्रवचन नसून प्रभूचे भोजन, म्हणजे भाकर व द्राक्षरस यांचा विधी, असतो.

वसईकडून आलेल्या कॅथलिक वाचकांना मिस्सेचा क्रम ओळखीचाच वाटेल, कारण भाषा बदलली तरी त्याचे टप्पे बदलत नाहीत. नगर-सोलापूरकडून आलेल्यांना पूर्वीच्या प्रेस्बिटेरियन वळणाची मंडळी सर्वांत जवळची वाटेल, असा माझा अनुभव आहे. ज्यांना कोणी बोलावले आहे त्यांनी निवड करत बसू नये. बोलावणाऱ्याबरोबर त्याच्याच चर्चला जावे, कारण ओळखीच्या माणसाशेजारी बसण्याइतका दुसरा आधार नाही.

जाण्यापूर्वी चार गोष्टी विचारून घ्याव्यात : उपासना किती वाजता आहे, कोणत्या भाषेत आहे, त्या रविवारी प्रभुभोजन आहे का, आणि मुलांसाठी संडेस्कूल असते का. फाटकावरच्या पाटीवर वेळ लिहिलेली असली तरी तिच्यावर विसंबू नये, कारण अनेक मंडळ्या उन्हाळ्यात वेळ अलीकडे आणतात आणि पाटी मात्र हिवाळ्यातलीच राहते. काही चर्चमध्ये एकाच दिवशी इंग्रजी, हिंदी आणि मल्याळम अशा वेगवेगळ्या वेळच्या उपासना असतात, त्यामुळे भाषेची चौकशी करणे हा नुसता उपचार समजू नये.

कोणता रविवार निवडावा

पहिल्यांदा जाताना नाताळ किंवा पुनरुत्थान दिन (ईस्टर) निवडू नये, असे मी आग्रहाने सांगतो. त्या दिवशी वर्षभर न दिसणारी माणसेही येतात, बाहेर मांडव पडतो, बसायला जागा मिळत नाही आणि पाळकांना, म्हणजे मंडळीच्या धर्मगुरूंना, कोणाशी दोन वाक्ये बोलायला फुरसत नसते. चर्च सर्वांत सुंदर दिसते ते या दिवसांत, पण ते कळते मात्र साध्या रविवारी. जुलै ते ऑक्टोबर हा काळ मला सर्वांत चांगला वाटतो, कारण तेव्हा मोठे सण नसतात, मंडळी आपल्या नेहमीच्या चालीने चाललेली असते आणि माळव्यातली हवाही सुसह्य असते.

याच काळाच्या शेवटी, सोयाबीन व मका घरात आल्यावर, काही मंडळ्यांमध्ये हंगामाचा सण होतो आणि तो मात्र अवश्य पाहावा. लोक धान्य, भोपळे, पपया, घरची अंडी, केक, लोणच्याच्या बरण्या असे काहीबाही वेदीसमोर आणून ठेवतात आणि उपासनेनंतर अंगणात त्याचा लिलाव होतो. एखादा भोपळा बाजारभावाच्या कितीतरी पट किमतीला जातो, घेणारा तो पुन्हा लिलावात टाकतो, आणि जमलेली रक्कम चर्चच्या कामाला जाते.

उपवासकाळातले रविवारही पहिल्या भेटीसाठी चालण्यासारखे आहेत. राखेच्या बुधवारपासून पुनरुत्थान दिनाच्या आदल्या दिवसापर्यंत, मधले रविवार वगळून, हे ४० दिवस मोजले जातात. पुनरुत्थान दिन २२ मार्च ते २५ एप्रिल यांच्या दरम्यान केव्हाही येत असल्याने इंदूरमध्ये हा काळ थंडीच्या शेवटापासून कडक उन्हापर्यंत पसरतो. या दिवसांत गीते संथ असतात, सजावट नसते, आणि शांतपणे बसू इच्छिणाऱ्या माणसाला ते मानवते.

शनिवारी करायची तयारी

तयारी थोडीच आहे, पण ती शनिवारी रात्रीच करावी. घरात मराठी बायबल असेल तर ते पिशवीत टाकावे. उपासना हिंदीत असली तरी शास्त्रपाठ आपल्या भाषेत समोर असणे याचे मोल मी पुढे सांगणार आहे. दानासाठी सुटे पैसे वेगळे काढून ठेवावेत. फोनचा आवाज बंद करण्याची आठवण आताच करून घ्यावी. रविवारच्या पोह्यांचा मोह इंदूरमध्ये कोणालाही आवरत नाही, तरी उपासना लवकर असेल तर घरी चहा-बिस्किटावर भागवावे आणि शेव-जिरावण घातलेले पोहे नंतरसाठी राखावेत. दुकानापुढच्या रांगेतच बरेच जण पहिले गीत चुकवतात. कॅथलिकांसाठी तर प्रभुभोजन घेण्यापूर्वी किमान एक तास काही न खाण्याचा नियमच आहे. पाणी आणि औषध यांना त्यात मुभा आहे.

कपडे आणि हवा

कर्कवृत्त उज्जैनच्या थोडे उत्तरेकडून जाते, म्हणजे इंदूर उष्ण कटिबंधाच्या आतच येते, आणि चर्चमधील दोन तासांवर या गोष्टीचा परिणाम वाटतो त्याहून अधिक होतो. जुन्या इमारती उंच छताच्या, जाड भिंतींच्या आणि वरती झरोके असलेल्या आहेत, त्यामुळे सकाळी आठ-नऊपर्यंत आत गारवा टिकतो. नंतर मात्र पंख्याखालची जागा आणि खिडकीजवळची जागा यांतला फरक जाणवू लागतो. एप्रिल ते जूनमध्ये सुती कपडे घालावेत आणि पाण्याची बाटली बरोबर ठेवावी. बाकाखाली बाटली ठेवून मध्येच घोटभर पाणी पिणे कोणालाही खटकत नाही. पावसाळ्यात काळ्या मातीचा चिखल बुटांना धरून ठेवतो, म्हणून पायरीवरच्या पायपुसण्यावर थांबावे. छत्र्या व्हरांड्यात ठेवण्याची रीत आहे. ओली छत्री आत नेली की शेजारच्या बाईंच्या साडीला पाणी लागते.

पेहराव नीटनेटका आणि साधा असावा. पुरुष पूर्ण बाह्यांचा सदरा व पॅन्ट घालतात, बायका साडी किंवा सलवार-कमीज घालतात, आणि हिंदी उपासनांत अनेक बायका प्रार्थनेच्या वेळी डोक्यावर पदर अथवा ओढणी घेतात. पाहुण्या बाईंनी तसे केले तर चांगले, न केले तरी कोणी बोलत नाही. पुरुषांनी टोपी मात्र काढायची असते. देवळात डोके झाकण्याची सवय असलेल्या माणसाला हे उलटे वाटते, म्हणून मुद्दाम सांगितले. चपला बाहेर काढायच्या की नाही, हे चर्चनुसार बदलते. दारापाशी चपलांची रांग दिसली तर काढाव्यात, नाही तर तशाच आत न्याव्यात.

पोहोचणे आणि जागा निवडणे

उपासनेच्या १५ मिनिटे आधी पोहोचावे. या १५ मिनिटांत पेटीवाला सूर धरून पाहत असतो, कोणीतरी फळ्यावर गीतांचे क्रमांक लावत असते, दोन-चार वृद्ध माणसे डोळे मिटून बसलेली असतात, आणि चर्च जसे असते तसे दिसते. दारात उभ्या असलेल्या माणसाला नमस्कार करावा. तो बहुधा ‘जय मसीह की’ म्हणेल. मराठी ख्रिस्ती माणूस ‘जय ख्रिस्त’ म्हणून उत्तर देऊ शकतो, इतरांचा साधा नमस्कारही तितक्याच आनंदाने घेतला जातो. पाळकांना येथे ‘पादरी साहब’ किंवा ‘पास्टर जी’ म्हणतात, कॅथलिक धर्मगुरूंना ‘फादर’, आणि धर्मभगिनींना ‘सिस्टर’. आपल्याकडचे ‘पाळकसाहेब’ व ‘पाळकीणबाई’ हे शब्द इंदूरच्या जुन्या मराठी कुटुंबांत अजून ऐकू येतात.

जागा निवडताना नवखा माणूस शेवटच्या बाकावर जाऊन बसतो. माझ्या मते ती चूक आहे. शेवटच्या बाकावरून पुढची माणसे केव्हा उठतात हे दिसत असले तरी बोलणे नीट ऐकू येत नाही, आणि उशिरा येणाऱ्यांची व रडणाऱ्या बाळांची ये-जा तेथेच असते. साधारण मध्यावर, बाकाच्या टोकाला बसावे. पुढे चार-पाच रांगा असल्या की उठण्या-बसण्याचे अनुकरण आपोआप होते. काही जुन्या मंडळ्यांत बायका एका बाजूला आणि पुरुष दुसऱ्या बाजूला बसतात. तशी रीत दिसली तर ती पाळावी. बसण्यापूर्वी गीतांचे पुस्तक मागून घ्यावे, ते बहुधा दाराजवळच्या कपाटात असते.

उपासनेचा क्रम

पुढे दिलेला क्रम प्रोटेस्टंट मंडळीतला आहे, आणि मंडळीनुसार त्यात मागे-पुढे होते. प्रथम पाळक बायबलमधले एखादे वचन वाचून उपासनेला आवाहन करतात, आणि सर्वजण उभे राहून पहिले गीत गातात. मग पापांगीकाराची प्रार्थना होते, तिच्यात माणसे आपले आठवड्याभरातले चुकलेले देवापुढे कबूल करतात. त्यानंतर बहुधा स्तोत्र आळीपाळीने वाचले जाते : एक ओळ पाळकांची, पुढची मंडळीची. बायबलमध्ये अशी १५० स्तोत्रे आहेत. ख्रिस्ती नसलेल्या वाचकालाही या वाचनात सहज भाग घेता येईल, कारण संकटात हाक मारणे, कृतज्ञ होणे, रागावणे, रडणे हे सर्व त्यांत आहे.

नंतर शास्त्रपाठ होतात, एक जुन्या करारातून आणि एक नव्या करारातून. काही मंडळ्यांत, तसेच मिस्सेत, शुभवर्तमानाच्या, म्हणजे येशूच्या जीवनकथेच्या, वाचनाला सर्वजण उभे राहतात. पाठानंतर सूचना येतात, आणि छोट्या चर्चमध्ये सूचनांचा भाग लांबतो. कोण आजारी आहे, कोणाच्या घरी बुधवारची प्रार्थनासभा आहे, कोणाच्या मुलीचे लग्न ठरले, कोणाच्या वडिलांचा वर्षश्राद्धासारखा स्मरणदिन आहे, हे सगळे येथे सांगितले जाते. वाढदिवस आणि लग्नाचा वाढदिवस असलेल्यांना पुढे बोलावून त्यांच्यासाठी प्रार्थना करतात. नवख्या माणसाला हा भाग घरगुती आणि आपल्याशी संबंध नसलेला वाटू शकतो, म्हणून कित्येक जण याच वेळी फोन काढतात. तसे करू नये. चहाच्या वेळी कोणाशी काय बोलावे, याचे सूत्र येथेच हाती लागते. पाहुण्यांनी उभे राहून आपली ओळख करून द्यावी असेही याच वेळी सांगितले जाते. नाव, गाव आणि कोणाबरोबर आलो एवढे एका वाक्यात सांगून खाली बसावे.

प्रवचन २० ते ४० मिनिटांचे असते. ऐकताना शास्त्रपाठाचे पान उघडे ठेवावे, कारण चांगला पाळक पुन्हा पुन्हा त्याच ओळींकडे परततो. प्रवचनानंतर मध्यस्थीची प्रार्थना होते, तिच्यात देश, शहर, आजारी, शोकाकुल आणि प्रवासात असलेले यांची आठवण केली जाते. मग प्रभूने शिकवलेली प्रार्थना सर्वजण एकत्र म्हणतात, शेवटचे गीत होते आणि पाळक हात उंचावून आशीर्वाद देतात. या आशीर्वादाचे शब्द बहुधा करिंथकरांस लिहिलेल्या दुसऱ्या पत्राच्या १३ व्या अध्यायातील शेवटच्या वचनाचे असतात. आशीर्वादानंतर लगेच उठू नये. काही क्षण सर्वजण मान खाली घालून स्तब्ध बसतात, आणि मला विचाराल तर संपूर्ण सकाळीतली सर्वांत दाट शांतता त्या क्षणांत असते.

उठणे, बसणे, गुडघे टेकणे यांबद्दल एवढेच सांगावेसे वाटते की पाहुण्याने इतरांबरोबर उठावे व बसावे. गुडघे टेकणे आणि प्रार्थनेचे शब्द म्हणणे मात्र ज्याच्या त्याच्या विश्वासावर आहे. शांत बसून राहणे हा पूर्ण आदरच समजला जातो.

हिंदी उपासना आणि मराठी कान

इंदूरच्या मराठी माणसाला हिंदी येत नाही असे नाही. घरात मराठी आणि उंबरठ्याबाहेर हिंदी, अशीच त्याची पिढ्यान्‌पिढ्या रीत आहे. अडचण येते ती बायबलच्या शब्दांत, कारण दोन भाषांतल्या बायबलची परिभाषा वेगवेगळी घडली. मराठीत आपण येशू ख्रिस्त म्हणतो, हिंदीत यीशु मसीह. आपला वधस्तंभ तेथे क्रूस होतो, तारण हे उद्धार होते, शुभवर्तमान हे सुसमाचार होते, देवदूत हे स्वर्गदूत होतात, आणि आपल्या मंडळीला कलीसिया म्हणतात. अध्यायानंतर येणारा ‘पद’ म्हणजे आपले ‘वचन’.

खरी फजिती होते ती पाठ शोधताना. वाचक पुढे येऊन पुस्तकाचे नाव सांगतो, आणि मराठी बायबल हातात असलेला माणूस अनुक्रमणिकेत ते शोधत राहतो, तोवर वाचन संपते. म्हणून ही नावे आधीच डोळ्यांखालून घालावीत. भजन संहिता म्हणजे स्तोत्रसंहिता, नीतिवचन म्हणजे नीतिसूत्रे, गिनती म्हणजे गणना, लैव्यव्यवस्था म्हणजे लेवीय, श्रेष्ठगीत म्हणजे गीतरत्न, यशायाह म्हणजे यशया. नव्या करारात मत्ती, मरकुस, लूका व यूहन्ना हे आपले मत्तय, मार्क, लूक व योहान, प्रेरितों के काम म्हणजे प्रेषितांची कृत्ये, रोमियों म्हणजे रोमकरांस पत्र, याकूब म्हणजे याकोब, आणि प्रकाशितवाक्य म्हणजे प्रकटीकरण. सर्वांत अवघड जोडी व्यवस्थाविवरण आणि अनुवाद यांची आहे. मोशेने नियमशास्त्र लोकांना पुन्हा सांगितले, म्हणून मराठीत त्या पुस्तकाला अनुवाद हे नाव मिळाले. एकदा सांगितलेले पुन्हा सांगणे हा त्या शब्दाचा जुना अर्थ तेथे टिकून आहे. पुस्तकांचा अनुक्रम दोन्ही भाषांत तोच आहे, त्यामुळे नाव आठवले नाही तरी शेजाऱ्याच्या हिंदी बायबलमध्ये ते कितपत पुढे किंवा मागे उघडले आहे हे पाहून आपले पान सापडते. प्रोटेस्टंट बायबलमध्ये ६६ पुस्तके आहेत आणि कॅथलिक बायबलमध्ये ७३, एवढे मात्र लक्षात ठेवावे.

महाराष्ट्रातून नुकत्याच आलेल्या लहान मुलांना एक शब्द घरूनच समजावून न्यावा. पाळक जेव्हा ‘यीशु की शिक्षा’ म्हणतात, तेव्हा ते येशूच्या शिकवणुकीविषयी बोलत असतात. मराठी मुलाच्या कानाला मात्र येशूला झालेली अथवा येशूने केलेली शिक्षा ऐकू येते, आणि प्रवचनाचा सगळा अर्थच फिरतो. ‘चेष्टा’ हा शब्दही तसाच आहे, हिंदीत त्याचा अर्थ प्रयत्न असा होतो.

गीतांची गोष्ट याहून सुखाची आहे. इंग्रजीतून आलेल्या अनेक जुन्या गीतांच्या चाली मराठीत आणि हिंदीत त्याच आहेत. माझी आजी नगरहून लग्न होऊन इंदूरला आली, तेव्हा तिने ट्रंकेत मराठी गीतांचे पुस्तक आणले होते, आणि शेवटपर्यंत ती हिंदी गीतांच्या चालीवर मराठी शब्द हळू आवाजात म्हणत असे. तिच्या शेजारी बसून मी दोन्ही भाषांत एकदमच गायला शिकलो. ज्यांना मराठी शब्द पाठ आहेत त्यांनी खुशाल तसे करावे. मराठी ख्रिस्ती गीतांमागे अभंग, ओवी आणि कीर्तन यांची परंपरा आहे. नारायण वामन टिळकांनी (१८६१–१९१९) ती चर्चमध्ये आणली, आणि तिच्यावर वाढलेल्या माणसाला हिंदीतल्या ढोलक-पेटीच्या भजनांत रमायला वेळ लागत नाही. मंडळीत आणखी दोन-तीन मराठी घरे असतील तर पाळकांशी बोलून महिन्यातून एकदा एक मराठी गीत घेण्याची विनंती करावी. आमच्याकडे ती आनंदाने मान्य झाली, आणि आता हिंदी भाषकही ते गीत पाठ म्हणतात.

प्रभुभोजन

पाहुण्यांना सर्वांत अधिक धास्ती या भागाची असते, म्हणून स्पष्ट सांगतो. भाकर आणि द्राक्षरस यांचे हे भोजन येशूने आपल्या मृत्यूच्या आदल्या रात्री शिष्यांबरोबर केलेल्या जेवणाची आठवण आहे, आणि ते बाप्तिस्मा घेतलेल्या विश्वासणाऱ्यांसाठी असते. ते प्रसादासारखे सर्वांना वाटले जात नाही. त्यामुळे ते न घेण्यात कोणाचाही अवमान नाही. उलट, नियम माहीत असून शांतपणे जागेवर बसून राहणारा पाहुणा मंडळीला समजूतदार वाटतो. पुढे जाणाऱ्यांना वाट देण्यासाठी पाय बाजूला घ्यावेत, किंवा बाकाबाहेर येऊन पुन्हा बसावे. मिस्सेत प्रभुभोजन दर रविवारी असते. पूर्वीच्या प्रेस्बिटेरियन वळणाच्या मंडळ्यांत ते बहुधा महिन्याच्या पहिल्या रविवारी असते, आणि त्या दिवशी उपासना अर्धा तास लांबते. दुसऱ्या परंपरेतून आलेल्या ख्रिस्ती माणसाने आदल्या दिवशीच पाळकांना किंवा फादरना विचारून घ्यावे, कारण कॅथलिक चर्चमध्ये प्रोटेस्टंटांना सहसा प्रभुभोजन दिले जात नाही आणि वेदीपाशी पोहोचल्यावर हे कळणे दोघांनाही जड जाते.

याच संदर्भात दुसरी शंकाही मनातून काढून टाकावी. उपासनेला बसल्याने कोणी ख्रिस्ती होत नाही. बाप्तिस्मा हा वेगळा विधी आहे, आणि त्याआधी शिक्षण व विचारपूस होते.

दानार्पण आणि मुले

गीत चालू असताना थैली किंवा ताट रांगांतून फिरते. पाहुण्याने दान दिलेच पाहिजे असे नाही, थैली पुढे दिली तरी पुरे. नेहमी येणारे बहुधा पाकिटातून देतात.

मुलांना संडेस्कूलमध्ये पाठवायचे असेल तर पहिल्या वेळी आईने किंवा वडिलांनी वर्गापर्यंत जावे. बहुतेक ठिकाणी मुले प्रवचनापूर्वी बाहेर जातात आणि शेवटच्या गीताला परत येतात. तान्हे बाळ रडू लागले तर व्हरांड्यात यावे. तेथे ध्वनिक्षेपकामुळे सर्व ऐकू येते आणि वाराही असतो.

उपासनेनंतरचा तास

आता मी सुरुवातीला राखून ठेवायला सांगितलेल्या वेळाकडे येतो. आशीर्वादानंतर पाळक दारात उभे राहून एकेकाशी हात मिळवतात. नवखा माणूस येथे ‘छान झाले’ म्हणून फाटकाकडे वळतो. वळू नये. व्हरांड्यात किंवा झाडाखाली चहाची किटली येते, बरोबर बिस्किटे किंवा कधी समोसे असतात, आणि सूचनांमध्ये ऐकलेली माणसे आता समोर उभी असतात. ज्यांच्या आजारासाठी प्रार्थना झाली त्यांच्या मुलाला प्रकृती विचारावी, ज्यांचा वाढदिवस होता त्यांना शुभेच्छा द्याव्यात. ओळख वाढवण्यासाठी याहून वेगळे काही सुचावे लागत नाही.

वृद्धांजवळ अवश्य बसावे. छोट्या मंडळीचा इतिहास त्यांच्याजवळ असतो : कोणत्या वर्षी छत गळत होते, घंटा कोण वाजवत असे, मिशनच्या दवाखान्यात कोणाचा जन्म झाला. त्यांच्यापैकी कोणी मराठी निघाले तर गप्पांना धरबंध राहत नाही. अहिल्याबाईंचा जन्म नगर जिल्ह्यातल्या चौंडीचा, आणि आज त्या जिल्ह्याला अहिल्यानगर हेच नाव आहे, त्यामुळे नगरकडच्या माणसाला इंदूरमध्ये नात्याचा धागा शोधावा लागत नाही. इमारत पाहायची असेल तर याच वेळी परवानगी घेऊन पाहावी. भिंतींवरच्या स्मृतिशिला वाचाव्यात. रेसिडेन्सीच्या काळातील शिलांवर फार तरुण वयात तापाने गेलेल्या माणसांची नावे आढळली तर घाईने पुढे जाऊ नये. छायाचित्रे उपासना चालू असताना काढू नयेत, नंतरही माणसांची त्यांना विचारूनच काढावीत.

जेवायला बोलावणे आले आणि वेळ असेल तर ते स्वीकारावे. रविवारचे जेवण ख्रिस्ती घरांत सवडीने होते. शाकाहारी असाल तर आमंत्रण मिळताच सांगावे, कारण बऱ्याच घरी त्या दिवशी मटण किंवा कोंबडी शिजलेली असते आणि आयत्या वेळी कळले तर यजमानीण बाईंना अपराधी वाटते.

दुपार

घरी आल्यावर पोहे खायचे राहिलेच असतील, तर ते खावेत. ऊन उतरेपर्यंत सकाळचा शास्त्रपाठ पुन्हा एकदा मराठीत, संपूर्ण अध्यायासह वाचावा. चर्चमध्ये दहा-बारा वचनेच वाचलेली असतात, आणि त्यांच्या आगे-मागे काय आहे ते पाहिल्यावर प्रवचनातली न कळलेली जागा बहुधा उलगडते. कोणती शंका राहिलीच तर ती वहीत लिहून ठेवावी आणि पुढच्या रविवारी पाळकांना विचारावी. आपले बोलणे कोणी घरी जाऊन पुन्हा वाचले, याचा आनंद त्यांच्या चेहऱ्यावर मी अनेकदा पाहिला आहे.

तिसऱ्या-चौथ्या रविवारपर्यंत गीतांचे क्रमांक ओळखीचे होतील आणि दारातला माणूस नावाने हाक मारू लागेल. तेव्हा व्हरांड्यातल्या सूचनाफलकाजवळ जाऊन चहाच्या पाळीचा कागद पाहावा. महिन्यातल्या रविवारांपुढे घरांची नावे लिहिलेली असतात आणि एखादी ओळ बहुधा रिकामी असते. सत्तर माणसांच्या चहाला सुमारे चार लिटर दूध लागते, आणि दुधाला उकळी येईपर्यंत आधण दुसऱ्या शेगडीवर ठेवावे लागते, म्हणून त्या दिवशी स्वयंपाकघराची किल्ली अर्धा तास आधी मागून घ्यावी.